दिसत नाही, पण पाच किलोमीटरवर ऐकू येतो

बगळा म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? तळ्याच्या काठी, साऱ्या जगाला दिसेल असा, पांढराशुभ्र, ध्यान लावून उभा राहिलेला पक्षी. लपायची त्याला गरजच वाटत नाही. आता याच कुळातला एक पक्षी असा घ्या, जो तुमच्यापासून दहा फुटांवर उभा आहे, कोंबड्याहून उंच आहे, वजनाला दीड किलोच्या घरात आहे, आणि तरी तुम्हाला दिसत नाही. तुम्ही थेट त्याच्याकडेच बघताय, तरी दिसत नाही. तो मात्र दोन्ही डोळ्यांनी तुम्हाला न्याहाळतोय.

आणि गंमत पुढेच आहे. इतका जिवापाड लपणारा हा पक्षी वसंतात असा आवाज काढतो, की वारा पडलेल्या रात्री तो पाच किलोमीटरवर ऐकू जातो. लपायचं आणि ओरडायचं, ही दोन्ही कामं एकाच जिवाला कशी जमतात?

याचं नाव युरेशियन बिटर्न. पश्चिमेला ब्रिटनपासून पूर्वेला थेट जपानपर्यंत तो विणीला असतो, पण एवढ्या अफाट पट्ट्यात त्याला घर म्हणून एकच जागा चालते: पाण्यात उभं असलेलं बोरूचं रान. ज्याच्या लेखणीने आपले जुने कारकून मोडी लिहायचे, त्याच जातकुळीतलं हे उंच गवत. माणूस बुडेल एवढं वाढतं, अंगाला अंग लावून वाढतं, आणि हिवाळ्यात वाळून पिवळं पडलं तरी उभंच राहतं.

बिटर्नकडे वळण्याआधी या गवताशी क्षणभर थांबू, कारण तेही साधंसुधं नाही. बोरूची मुळं ज्या चिखलात असतात तिथे हवाच नसते. मुळं जगतात कशी? उन्हात उभे असलेले हिरवे, जिवंत दांडे पानांच्या आवरणातून हवा आत ओढतात. ती हवा चिखलाखालच्या पोकळ कांड्यांमधून वाहत जाते, वाटेत मुळांना प्राणवायू देते, आणि बाहेर पडते ती गेल्या वर्षीच्या वाळलेल्या, शेंडा मोडलेल्या दांड्यांमधून. म्हणजे जिवंत दांडे श्वास घेतात आणि मेलेले तो सोडतात! वाळका बोरू पाण्याच्या पातळीखाली कापला तर अख्खं रान गुदमरू शकतं.

अशा रानात पलीकडचं काही दिसत नाही. हात लांब केला तर आपलाच पंजा गवतात हरवतो. मोराने पिसारा फुलवला काय किंवा सारसाने नाच केला काय, इथे बघायला आहे कोण? इथे मादीपर्यंत पोचायचं तर एकच वाट उरते. आवाज.

पण आवाजालाही गवत आडवं येतंच की! पाखरांची नाजूक शीळ दाट गवतात थोड्या अंतरावर विरून जाते. बिटर्नने यावर शोधलेला उपाय आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे तीन गल्ल्या पलीकडे असतो, तेव्हा आपल्याला गाणं कळत नाही, शब्द कळत नाहीत. फक्त ‘धुम्म, धुम्म’ एवढं येऊन खिडकीची काच हलवतं. उंच सूर भिंतींवर आपटून संपतात, खर्ज मात्र वळसे घालत येऊन पोचतो. बिटर्नचा आवाज नेमका खर्जातला असतो, सेकंदाला साधारण दीडशे ते दोनशे कंपनांचा. हिशोब करून पाहा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे या आवाजाची एकेक लहर जवळजवळ दोन मीटर लांबीची झाली. वाटेतला बोरू बोटाहून बारीक. दोन मीटरच्या लहरीला तो आडवा आल्याचं कळतसुद्धा नाही.

एवढ्या खालचा सूर काढायला एरवी मोठं जनावर लागतं. बैल हंबरतो तो त्याच्या आकारामुळे. दीड-दोन किलोच्या पाखराने तो काढायचा तर कुठून? बिटर्न त्यासाठी दर वर्षी शरीरात नवं वाद्यच बसवून घेतो. विणीचा हंगाम जवळ आला की नराच्या अन्ननलिकेच्या भिंती आणि भोवतीचे स्नायू जाड होऊ लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याने सूर लावायचा प्रयत्न केला तर नुसतं घोगरं खाकरणं बाहेर पडतं. आठवड्यागणिक ते भरत जातं आणि मार्च उजाडेपर्यंत खरा घुमारा लागतो. मग जूनपर्यंत त्याची मैफल चालते, विशेषतः पहाटे आणि दिवस कलल्यावर.

जवळून पाहायला मिळालं तर हा प्रकार कसा दिसतो? आधी तो थोडा वाकतो. चोच किंचित उघडझाप करत हवेचे घोट घेतो. प्रत्येक घोटाला बारीकसा ‘उप्, उप्’ असा आवाज होतो, तो फक्त अगदी जवळच्यालाच ऐकू येतो. मान फुगत जाते, गळ्याची पिसं विस्कटतात, आणि मान एरवीच्या दुप्पट जाड दिसू लागते. मग सारं अंग एकदा हिसका देतं आणि हवा बाहेर पडते: ‘हुऽऽम्ब!’ पुन्हा घोट, पुन्हा हिसका. अशा तीन-चार घुमाऱ्यांची एक माळ झाली की तो थांबतो. काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने पाण्यात बघत बसतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

हे गवताच्या आत घडत असल्याने माणसाला शेकडो वर्षं पत्ताच नव्हता. आवाज येतोय, पक्षी दिसत नाही. मग काय, तर्क! हा चोच चिखलात खुपसून फुंकतो म्हणे. पोकळ बोरूत तोंड घालून वाजवतो म्हणे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिच गावी सर थॉमस ब्राऊन नावाचे डॉक्टर होते. लोकांच्या डोक्यातल्या खुळचट समजुती तपासून बघायचा त्यांना नाद होता. त्यांनी बिटर्न चक्क घरच्या अंगणात पाळला. त्याला मासे, उंदीर, बेडूक खाऊ घातले. ते मिळेनात तेव्हा त्या पठ्ठ्याने चिमण्या पकडून पोट भरलं. पण घुमला मात्र एकदाही नाही. ब्राऊनसाहेब हिरमुसले असणार. माझा आपला एक अंदाज: त्यांच्या अंगणात मादी असावी, कारण माद्या घुमतच नाहीत. तरी त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून लिहिलं ते जवळजवळ बरोबर निघालं: चोच बोरूपासून आणि पाण्यापासून लांबच असते, पक्षी हवा आत ओढतो, मान फुगवतो आणि जोराने ती बाहेर टाकतो.

आता लपण्याकडे येऊ. बिटर्नचा रंग वाळक्या बोरूचा: पिवळसर, तपकिरी, मध्येच काळ्या रेघोट्या. धोका जाणवला की तो पळत नाही. मान ताणून उभी करतो, चोच आकाशाकडे रोखतो आणि अंग आवळून बारीक करतो. गळ्यावरचे गडद पट्टे बरोबर उभे होतात, आजूबाजूच्या दांड्यांच्या आणि त्यांच्या सावल्यांच्या रांगेत जाऊन बसतात. वारा सुटून गवत हलू लागलं तर हे पक्षी सोबत अंगही हलवतात, असं पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय.

चोच आकाशाकडे, मग समोरचं दिसतं कसं? तुम्ही मान पूर्ण मागे टाकून बघा, छतच दिसेल. पण बगळ्यांच्या डोळ्यांची ठेवणच वेगळी. ते कवटीत असे खाली बसवलेले असतात, की चोचीच्या खालूनही दोन्ही डोळ्यांना समोरचं दिसतं. साध्या बगळ्याला याचा उपयोग शिकारीत होतो: चोच आडवी धरून उभा असताना त्याला स्वतःच्या पायांशी काय हलतंय ते कळतं. बिटर्नने चोच वर केली की तीच नजर थेट समोर येते. म्हणून जवळून काढलेल्या फोटोंमध्ये तो असा विनोदी दिसतो: चोच वर आणि तिच्या बुडाशी दोन पिवळे डोळे खाली वळून कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारे.

ही युक्ती या कुळात किती खोल मुरली आहे, त्याचा एक किस्सा डब्ल्यू. एच. हडसन यांनी लिहून ठेवलाय. हडसन अर्जेंटिनात वाढलेले निसर्गलेखक. तिथल्या दलदलीत त्यांना बिटर्नचा एक छोटा भाऊबंद एका दांड्याला धरून उभा दिसला. हडसन त्याच्याभोवती फिरू लागले, कारण त्यांना त्याची गडद पाठ पाहायची होती. जमेना! ते जिकडे जात, तिकडे पक्षी हळूच वळे, पट्टेदार गळा कायम त्यांच्यासमोर. शेवटी त्यांनी चोचीच्या टोकावर हात ठेवला आणि डोकं पार पाठीला टेकेपर्यंत मागे दाबलं. पक्ष्याने दाबू दिलं. हात काढताच डोकं पुन्हा सरळ वर. आपण दिसतच नाही यावर त्याचा केवढा तो विश्वास!

बिटर्न गवतातून चालतो तेही बघण्यासारखं. तो पाण्यात पाय बुडवून चालतोच, पण हवं तेव्हा चार-पाच दांडे एकाच पंजाच्या मुठीत धरून पाण्यावर चढतो आणि तसाच एका जुडीवरून दुसऱ्या जुडीवर पाय टाकत जातो. बोटं लांब आणि पकड घट्ट. पाणी साधारण वीतभर खोल असेल तर शिकार उत्तम. बेडूक, पाण्यातले किडे, मासे, काहीही चालतं. पण युरोपातल्या बिटर्नचं आवडतं खाणं म्हणजे ईल, आपल्याकडच्या वामच्या जातीचा लांबट, बुळबुळीत मासा.

ईल पकडणं सोपं, गिळणं कठीण. तो चोचीभोवती, मानेभोवती वेटोळी घालतो आणि गिळून झाल्यावर पक्ष्याच्या डोक्या-मानेवर चिकट बुळबुळ माखलेली राहते. पिसं चिकटली की ऊब गेली, ऊब गेली की हिवाळ्यात जीव गेला. पाण्याने ही बुळबुळ निघत नाही. मग? बिटर्नच्या छातीवर आणि मांड्यांच्या वर अशी पिसं असतात, जी कधी झडत नाहीत, सतत वाढत राहतात, आणि ज्यांची टोकं आपोआप कुस्करून त्यांची मऊ भुकटी होते. पक्षी चिकट डोकं त्या भुकटीत घासतो. भुकटी बुळबुळ शोषून घेते आणि तिचा वाळका पापुद्रा होतो. आता तो विंचरून काढायला हवा. त्याचीही सोय आहे: मधल्या बोटाच्या नखीला एका कडेने दाते असतात! एका पायावर तोल सांभाळत तो मान खाजवत बसतो, पापुद्रा झडून पडतो, आणि शेवटी शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतो. पावडर, फणी, तेल. सगळं अंगावरच. ही सोय सगळ्याच बगळ्यांकडे आहे. आपल्या गावतळ्यावरचा बगळा एवढ्या चिखलात वावरूनही शुभ्र राहतो, त्याचं रहस्य हेच.

आता संसार. तो घुमणारा नर इतका मनापासून बोलावतो, तर पुढे काही जबाबदारी घेत असेल, असं वाटतं ना? काडीचीही नाही. एकेका नराच्या हद्दीत कधी कधी पाचपर्यंत माद्या घरटी करतात आणि नर पुन्हा घुमायला मोकळा. वाळक्या बोरूचा माचा पाण्यावर रचायचा मादीने. तीन ते सहा तपकिरी-हिरवट अंडी घालून सुमारे पंचवीस-सव्वीस दिवस उबवायची मादीने. पिल्लांना भरवायचंही तिनेच.

ती पहिलं अंडं घालताच उबवायला बसते. त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. थोरलं आणि शेंडेफळ यांच्यात बऱ्याच दिवसांचा फरक पडतो. मासे भरपूर असतील तर सगळी तरतात. कमी पडले तर धाकट्याच्या वाट्याला काही उरत नाही. ऐकायला क्रूर, पण हिशोब पाहा: मादीला अंडी घालताना माहीत नसतं की या वर्षी मासे किती मिळणार. पिल्लांच्या वयातला हा फरक म्हणजे तो निर्णय पुढे ढकलण्याची युक्ती. मादी पोटात साठवून आणलेलं अन्न घरट्यात ओकते, पिल्लं तिची चोच पकडून तिला घाई करतात. दोन आठवड्यांची झाली की ती माचा सोडून आजूबाजूच्या दांड्यांवर चढू लागतात. उडायला सात-आठ आठवडे लागतात, पण चोच आकाशाकडे करून थिजून उभं राहणं हे त्या पिंजारलेल्या पिल्लांना त्याच्या खूप आधीच येत असतं.

उत्तरेचा हिवाळा आला की कसोटी सुरू होते. बिटर्नला पाण्यात चोच घालायची असते आणि पाण्याचं बर्फ झालं की मासे जणू कुलूपबंद. म्हणून जिथे पाणी गोठतं, तिथले बिटर्न रात्रीच्या अंधारात उडून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकतात. ब्रिटनमधले बहुतेक तिथेच राहतात, उलट हिवाळ्यात त्यांच्याकडे युरोपातून पाहुणे येतात. पूर्वेकडचे लांब जातात, आफ्रिका, दक्षिण आशिया, चीन. काही भारतातही उतरतात, जास्त करून उत्तरेला. महाराष्ट्रात तो दिसणं म्हणजे नशिबाची गोष्ट. आपल्याकडे त्याचे छोटे भाऊबंद मात्र आहेत, पिवळा, तांबूस आणि काळा बिटर्न. पाऊस पडून पाणकणीस माजलं की त्यांचा वावर वाढतो. तळ्याकाठून काही तांबूस भुर्रकन उडून पुन्हा गवतात बुडाल्यासारखं वाटलं, तर ढोकरी समजून सोडून देऊ नका.

बोरूच्या रानातला दुसरा बगळा तर आपल्याला चांगलाच परिचित: जांभळा बगळा. नांदूर मधमेश्वरला, म्हणजे महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरलेल्या जागी, हा आपली लांबलचक बोटं पसरून पाणवनस्पतींवरून चालताना दिसतो. आपल्याकडचे जांभळे बगळे पाणी असेल तिथे थोडंफार इकडे-तिकडे करतात, एवढंच. पण नेदरलँड्समधला जांभळा बगळा बोरूत पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्याआधी सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेत जातो. यातून एक चक्रावून टाकणारी गोष्ट उजेडात आली. नेदरलँड्समध्ये वसंतात किती जांभळे बगळे घरटी करणार, हे नेदरलँड्समधल्या पावसावर ठरत नाही; आधीच्या हंगामात सेनेगल आणि नायजर नद्यांना किती पाणी होतं, त्यावर ठरतं! सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडला की युरोपातली घरटी रिकामी. १९८१ साली हा संबंध आकड्यांनिशी मांडला गेला. नेदरलँड्समधल्या तळ्याची उत्तम निगा राखा, पाणी राखा, कुंपण घाला, आणि तरी पक्षी येत नाहीत, कारण पाऊस पडला नाही तो माली देशात.

बिटर्नचं दुखणं मात्र घरातलंच, आणि ते समजायला ब्रिटनइतकं चांगलं उदाहरण नाही. एके काळी तिथे हे पक्षी उदंड होते. १४६५ साली यॉर्कचे आर्चबिशप जॉर्ज नेव्हिल गादीवर बसले तेव्हाच्या मेजवानीच्या यादीत २०४ बिटर्न आहेत! पुढे दलदली उपसून शेतं झाली, उरलेले पक्षी बंदुकीने आणि अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांनी संपवले. १८८६ नंतर तिथे त्याची वीण थांबली. १९११ च्या उन्हाळ्यात नॉर्फकमध्ये एमा टर्नर या छायाचित्रकार बाईंना आणि त्यांचे सोबती जिम व्हिन्सेंट यांना बोरूत बिटर्नचं पिल्लू सापडलं. या एमाबाई एका हाउसबोटीत राहून पाणथळीतल्या पक्ष्यांचे फोटो काढायच्या; चोच आभाळाला लावून उभ्या असलेल्या बिटर्नच्या पिल्लाचा फोटोही त्यांनीच काढला.

पक्षी परतला, वाढला. १९५० च्या दशकात घुमणारे नर ऐंशीच्या आसपास होते. आता शिकार नव्हती, राखीव क्षेत्रं होती, लोकांना कौतुक होतं. आणि तरी संख्या घसरत गेली. १९९७ साली साऱ्या ब्रिटनमध्ये उरले फक्त ११ घुमणारे नर.

गुन्हेगार कोण? खुद्द बोरू. दर हिवाळ्यात त्याची पानं गळतात, दांडे मोडून पडतात. पाण्यात ते पुरते कुजत नाहीत, थर साचत जातो. तळ वर येतो, पाणी उथळ होतं. काही दशकांत जिथे वीतभर पाण्यात मासे फिरत होते तिथे कोरडी जमीन होते, मग विलोची झुडपं येतात, मग झाडी. कुणी काही वाईट केलं नाही तरी बोरूचं रान म्हातारं होतं आणि संपतं! बिटर्नला लागते ती पाणथळीच्या आयुष्यातली एक अवस्था, आणि ती टिकाऊ नसते. पूर्वी हे चालून जायचं, कारण नद्या मोकळ्या होत्या. पूर यायचे, पात्रं बदलायची, एक रान वाळलं की दुसरीकडे नवं उगवायचं. शिवाय छपरं शाकारायला लोक बोरू कापून न्यायचे, त्यामुळेही रान तरुण राहायचं. आता नद्यांना बांध आले आणि छपरांना कौलं. म्हणून ‘हात न लावता जपणूक’ करणं म्हणजे बिटर्नला हळूहळू घराबाहेर काढणं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं पक्ष्यांच्या अंगावर छोटे रेडिओ बसवल्यावर. रानभर बोरू असूनही बिटर्न वावरत होते ते ओल्या भागात, जिथे गवत आणि मोकळं पाणी एकमेकांना भिडतात आणि मासे आतपर्यंत येऊ शकतात. मग सफोकमधल्या मिन्समिअरला जुना साचलेला थर यंत्रांनी खरवडून काढला गेला आणि तळ पुन्हा पाण्याखाली नेला. (हे मिन्समिअरही मोठं गमतीचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरू नये म्हणून इंग्रजांनी तिथल्या कुरणांत मुद्दाम पाणी सोडलं. जर्मन आले नाहीत, बोरू आला.) सफोकमध्येच लेकनहीथला तर १९९५ पासून गाजराची शेतं विकत घेऊन, त्यांत पाणी भरून, हातांनी बोरू लावला. गाजरं जिथे निघायची तिथे बिटर्नने घरटी केली.

सुधारणा होते आहे हे कळलं कसं? इथे तो घुमारा पुन्हा कामी आला. आवाजाचा आलेख काढला तर प्रत्येक नराचा घुमारा वेगळा दिसतो, आणि तो वर्षावर्षाला फारसा बदलत नाही, हे १९९० च्या दशकात सिद्ध झालं. न पकडता, न बघता, नुसतं ऐकून तुम्ही सांगू शकता की हा गेल्या वर्षीचाच गडी आहे की नवा. २०२४ ला ब्रिटनमध्ये २८३ घुमणारे नर मोजले गेले.

चाणाक्ष वाचकाच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल: नरांचं झालं, पण माद्या? त्या तर घुमत नाहीत, घरटं कुणाला दिसू देत नाहीत आणि खरा सगळा भार त्यांच्यावर. त्यांना मोजायचं म्हणजे चिकाटीचं काम. मे-जूनमध्ये लोक रानाच्या कडेला उंच मचाणावर तासन् तास दुर्बीण घेऊन बसतात. पोटात मासे भरून एक तपकिरी पक्षी कुठूनतरी येतो, गवताच्या शेंड्यांवरून सरळ उडत जातो आणि एका ठिकाणी खाली उतरतो. वेळ आणि जागा नकाशावर टिपायची. दीड-दोन तासांनी तोच पक्षी पुन्हा त्याच जागी उतरला तर तिथे पिल्लं आहेत असं समजायचं. रानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सोबत्याने त्याच वेळी दुसरी दिशा टिपलेली असली, की दोन रेषा नकाशावर जिथे एकमेकींना छेदतात, तिथे घरटं.